होतकरू खेळाडू आणि त्यास जागा देणारा संघ

मुलाच्या अंगी खेळ आहे असे सर्वजण म्हणतात. पण पुढे काय? हा प्रश्न पालक आम्हांस वरचेवर विचारतात. विचारणारे बहुधा वडील असतात, आणि ह्या प्रश्नाच्या पोटी दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो हा की, खेळापायी मुलाचे शिक्षण तर बुडणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु हॉकीचा संघ होतकरू मुलास कसा घडवितो, त्यास मैदानात केव्हा उतरवितो, आणि कोणत्या पायरीवर मुले गळून पडतात, हे कळल्यावाचून ह्या प्रश्नांस उत्तर देणे म्हणजे अंधारात बाण सोडणे होय. म्हणून विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस ही हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्याच टापूतील एक उदाहरण घेऊ. ते हॉकीचे नसून क्रिकेटचे आहे. श्री. अजिंक्य रहाणे हे डोंबिवलीत वाढले. घरची स्थिती बेताची. चांगल्या शिक्षकाकडे पाठविणे परवडत नसल्यामुळे वडिलांनी त्यांस गावातल्याच एका लहानशा वर्गात घातले. तेथे चटईवर खेळ चाले. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून त्यांची आई धाकट्या मुलास कडेवर व खेळाची पिशवी हाती घेऊन पायी चालत त्यांस तेथवर पोहोचवी. पुढे सतराव्या वर्षापासून श्री. प्रवीण आमरे यांच्यासारखा गुरू लाभला, आणि २०१३ साली ते भारताच्या कसोटी संघात आले. ह्यात त्या मातेचे श्रम व मुलाचा निश्चय ही तर आहेतच. परंतु आणखीही एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. डोंबिवलीच्या चटईपासून मुंबईच्या मोठ्या मैदानापर्यंत क्रिकेटची शिडी आधीच लावलेली होती. एका पायरीवर पाय ठेवला की दुसरी दिसत होती. हॉकीची काठी हाती घेणाऱ्या ठाण्या-कल्याणच्या मुलास पहिली पायरी शाळेत सापडते. दुसरी कोठे आहे, हे त्यास सांगणारा बहुधा कोणी भेटत नाही.

आता शिकविणे आणि संधी देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. काठी कशी धरावी, चेंडू कसा अडवावा, कमरेतून वाकून कसे धावावे, हे शिकविता येते, व पुष्कळ शिक्षक ते मनापासून शिकवितात. परंतु खरा सामना चालू असता, समोर आपल्याहून थोर व बळकट गडी उभा असता, चेंडू कोणाकडे द्यावा ह्याचा निर्णय क्षणार्धात करणे, हे सामना खेळल्यावाचून कोणासही येत नाही. आणि सामना खेळावयाचा तर संघात जागा पाहिजे. जागा तर अकराच. म्हणजे होतकरू मुलास जागा द्यावयाची, तर कोणा तरी कसलेल्या खेळाडूस बाहेर बसविले पाहिजे आणि प्रसंगी पराभवाचा धोकाही पत्करला पाहिजे. संघाची परीक्षा होते ती येथे.

पूर्वीच्या काळी ही अडचण फारच मोठी होती. सामना एकूण ७० मिनिटांचा असे, आणि एकदा मैदानात उतरलेले अकराच गडी तो शेवटपर्यंत खेळत. नवख्या मुलावर विश्वास टाकावयाचा तर तो सबंध सामन्यापुरता टाकावा लागे. पुढे नियम बदलत गेले, आणि १९९० च्या दशकापासून सामना चालू असता कितीही वेळा गडी बदलण्याची मोकळीक मिळाली. आज मोठ्या सामन्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. शिक्षक पोरसवदा खेळाडूस चार मिनिटे मैदानात पाठवितो, परत बोलावितो, काय चुकले ते कानात सांगतो, आणि पुन्हा पाठवितो. नवख्यांस ह्या नियमाने जेवढा हात दिला, तेवढा दुसऱ्या कशानेही दिला नसेल असे आम्हांस वाटते. तरीही शाळा-शाळांच्या सामन्यांत राखीव मुले अखेरपर्यंत बाकावर बसलेली आढळतात, हे नवल होय.

आपल्या महाराष्ट्रात ही सगळी शिडी एकाच जीवनचरित्रात पाहावयाची असेल, तर ते श्री. धनराज पिल्ले यांचे होय. ह्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळ खडकी येथे झाला. वडील मैदानाची देखभाल करण्याच्या कामावर होते. घरात पाच मुलगे, मिळकत थोडी; तथापि मातेने मुलांस खेळापासून कधी परावृत्त केले नाही. खडकीस लष्करी दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील धुळीच्या मैदानात ही भावंडे मोडक्या काठ्यांनी व इतरांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. मोहम्मद शाहिद ह्या त्या काळच्या नामांकित आघाडीच्या खेळाडूची नक्कल करणे, हेच धनराज यांचे पहिले शिक्षण.

येथवरची हकीकत सर्वांस ठाऊक असते, आणि ऐकणारा हळहळून म्हणतो, पाहा, गरिबीतून कसा वर आला! पण मोडक्या काठ्यांनी खेळणारी मुले खडकीत पुष्कळ होती. पुढची पायरी पाहिली पाहिजे. थोरले बंधू रमेश हे मुंबईस राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ह्या कारखान्याच्या संघातून मुंबईच्या साखळी स्पर्धेत खेळत असत. धनराज त्यांच्याकडे मुंबईस आले, आणि बंधूंच्या देखरेखीखाली त्यांच्या वेगास वळण लागले. त्यानंतर महिंद्र आणि महिंद्र ह्या कंपनीच्या संघाने त्यांस घेतले. तेथे श्री. जोकिम कार्व्हालो हे शिक्षक लाभले. हे स्वतः १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषक स्पर्धेत धनराज भारतातर्फे प्रथम उतरले, तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. त्यानंतर चार ऑलिंपिक स्पर्धा व चार विश्वचषक ते खेळले, आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नायकत्वाखाली भारतास सुवर्णपदक मिळाले.

धुळीचे मैदान, वडील बंधू, साखळी स्पर्धा, कंपनीचा संघ, जाणता शिक्षक, आणि मग राष्ट्रीय संघ, अशा ह्या पायऱ्या आहेत. मधली एक जरी काढून घेतली तरी खडकीचा हा मुलगा खडकीतच राहिला असता. शुभवर्तमानात धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आहे. तो सांगताना दोष नेहमी चाकरास दिला जातो, व तो योग्यच आहे. परंतु बाजारपेठच नसेल तर व्यापार करावा कोठे, असा प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारल्यास आम्ही त्यास गप्प बसविणार नाही.

ही बाजारपेठ मुंबईत एका दिवसात वसली नाही. कलकत्त्यास बेटन चषकाची स्पर्धा १८९५ साली सुरू झाली व मुंबईस आगाखान चषकाची १८९६ साली. पुढे ठिकठिकाणचे क्लब, रेल्वे, टाटांसारख्या उद्योगगृहांचे व सरकारी खात्यांचे संघ निर्माण झाले. वांद्र्यासारख्या वस्तीत ख्रिस्ती मंडळीच्या शाळांतून हॉकी घरोघरीचा खेळ झाला. ह्या सर्वांचे फळ १९४८ साली दिसले. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनचा ४-० असा पराभव केला, तेव्हा त्या चमूत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनल्ड रॉड्रिग्ज असे मुंबईचे अनेक गडी होते. कंपनीच्या किंवा रेल्वेच्या संघाचा विशेष गुण असा की, तेथे खेळाडूस नोकरी मिळे. महिन्याचा पगार घरी जाऊ लागला म्हणजे वडिलांचा विरोध आपोआप मावळतो, आणि वीस वर्षांचा तरुण पस्तीस वर्षांच्या कसलेल्या गड्याच्या शेजारी रोज सायंकाळी सराव करू लागतो. लष्करातही हीच रीत. महूचे शंकर लक्ष्मण १९४७ साली वाद्यवृंदातील वादक म्हणून पलटणीत दाखल झाले. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीचा हा शिपाई १९५६, १९६० व १९६४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचा गोलरक्षक होता. वाजंत्री म्हणून भरती झालेल्या पोरात गोलरक्षक पाहणारी नजर त्या पलटणीपाशी होती, एवढेच म्हणावयाचे. १९६४ च्या टोकियोच्या विजयी संघात त्यांच्या जोडीला बेळगावचे बंडू पाटील हेही होते.

आणि मिशनच्या शाळांविषयी बोलताना रांचीच्या सेंट पॉल शाळेचा उल्लेख टाळता येत नाही. मुंडा जमातीचा एक मुलगा तेथे शिकत होता. मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांनी त्याची बुद्धी व त्याचा खेळ ही दोन्ही ओळखून त्यास इंग्लंडास नेले. तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला, विद्यापीठाच्या हॉकी संघात खेळला, आणि १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचा नायक झाला. हेच जयपालसिंग पुढे आपल्या संविधान सभेचे सभासद होते. ज्या पालकांस खेळ व विद्या ह्यांत वैर दिसते, त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

मग आज अडते कोठे? एक कारण मैदानाचे आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम गवतावर होऊ लागले. त्यावर चेंडू सरळ व अतिशय वेगाने जातो, उसळत नाही. मातीवर शिकलेल्या मुलाचे मनगट व नजर ही दोन्ही तेथे प्रथम गोंधळतात. असे मैदान १०० यार्ड लांब व ६० यार्ड रुंद असते. ते घालण्यास अफाट खर्च येतो, आणि त्यावर पाणी मारावे लागते ते वेगळेच. कोणत्याही सामान्य शाळेच्या आटोक्यातील ही गोष्ट नव्हे. मुंबईत चर्चगेट स्थानकाजवळ हॉकी संघटनेचे असे मैदान आहे. कल्याणच्या मुलाने तेथे जावयाचे म्हटले तर मुंबईपर्यंत आगगाडीचा ५४ किलोमीटरांचा प्रवास, ठाण्याच्या मुलास ३४. शिवाय उतरून पुढे चालणे. शाळा सुटल्यावर निघाला तर तो रात्रीच घरी येणार. गर्दीच्या गाडीत हॉकीची काठी घेऊन उभ्या असलेल्या मुलास लोक किती प्रेमाने वागवितात, हे सांगावयास नको! आठवड्यातून दोन दिवस हे करता येईल. सहा दिवस करावयाचे तर मुलाच्या अभ्यासाचे व आरोग्याचे मोल द्यावे लागते, आणि असा सौदा कोणी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्या अडचणीवर एक तोड म्हणजे निवासी शिक्षणाची. मुलाने रोज मैदानाकडे जाण्याऐवजी मैदानाशेजारी राहावे, तेथेच शाळा शिकावी. ओरिसात राउरकेलाजवळ पानपोश येथे असे क्रीडा वसतिगृह आहे. सुंदरगड जिल्ह्यातील खेड्यांतली मुले तेथे येतात, व अमित रोहिदास यांच्यासारखे खेळाडू तेथूनच पुढे आले. त्या जिल्ह्यातील गावोगावच्या सामन्यांत विजयी संघास बक्षीस म्हणून बोकड देण्याची चाल आहे. म्हणजे मूल वसतिगृहात येण्यापूर्वीच गावासमोर शेकडो वेळा खेळलेले असते. आपल्याकडे शासनाची क्रीडा प्रबोधिनी हे काम करते. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याचे उदाहरण ह्या बाबतीत मोठे आनंददायक आहे. वैष्णवी विठ्ठल फाळके व ऋतुजा दादासो पिसाळ ह्या फलटणकडील शेतकरी मुलखातील मुली. जून २०२३ मध्ये जपानातील काकामिगाहारा येथे एकवीस वर्षांखालील मुलींची आशिया चषक स्पर्धा भारताने कोरियाचा २-१ असा पराभव करून जिंकली. त्या अठरा जणींच्या संघात ह्या दोघी होत्या, आणि तिसरी मनश्री शेडगे हीही महाराष्ट्राचीच. मोठ्या शहरांत मैदाने असून मुली खेळावयास येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. फलटणच्या आईबापांनी मुलींस काठी घेऊन दिली, ह्यावरून शहरच्या पालकांनी काय तो बोध घ्यावा.

राष्ट्रीय पातळीवर वयाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम १६ वर्षांखालील, मग १९ वर्षांखालील, मग २१ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा, आणि त्यानंतर मुख्य संघ. वयाची मर्यादा एवढ्यासाठी की, कोवळ्या मुलास स्वतःच्या बरोबरीच्यांत चमकण्यास वाव मिळावा. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी एक पाप घडते. जन्मतारीख दोन वर्षांनी पुढे सरकवून मोठ्या मुलास लहानांत खेळविण्याचे प्रकार आपल्या देशात सर्वच खेळांत घडत आले आहेत. अठरा वर्षांचा मुलगा सोळाच्या गटात खेळला की संघास चषक मिळतो खरा. परंतु त्याची जागा ज्याची होती तो खरा सोळा वर्षांचा मुलगा घरी बसतो, आणि त्याचे नाव कोणासही कळत नाही. हल्ली मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन वय पडताळतात, हे उत्तम झाले. तथापि हाडे तपासण्याची पाळी यावी, ह्यात शाळांनी दिलेल्या दाखल्यांची काही शोभा नाही.

नवख्यास जागा दिल्याने संघाचे काय हित होते, ते २०२१ साली टोकियोस सर्वांनी पाहिले. ऑलिंपिकच्या संघात एरवी सोळाच गडी असत, आणि राखीव खेळाडूंस कोणी जखमी झाल्याखेरीज खेळता येत नसे. त्या वर्षी साथीच्या रोगामुळे नियम सैल करून प्रत्येक सामन्यास अठरांतून सोळा निवडण्याची मुभा दिली गेली. त्यामुळे सिमरनजित सिंग हा राखीव खेळाडू मैदानात उतरू शकला. ५ ऑगस्ट रोजी कांस्यपदकासाठी जर्मनीशी सामना झाला, त्यात भारत प्रथम पिछाडीवर होता. अखेर ५-४ असा विजय मिळाला, आणि त्या पाचांतले दोन गोल सिमरनजितचे होते. एक्केचाळीस वर्षांनी हॉकीत पदक आले ते असे. पण हा मुलगा त्या दिवशी एकाएकी निपजला नव्हता. २०१६ साली लखनौस एकवीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. हरमनप्रीत, मनदीप, नीलकांत, सुमित हे टोकियोतले त्याचे सोबतीही त्याच संघातले. पाच वर्षे ही मुले एकत्र वाढविली गेली होती.

२०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये हे तत्त्व नियमातच घातले गेले. प्रत्येक संघात चोवीस गडी, त्यांत किमान सोळा भारतीय, आणि त्या सोळांत चार कुमार वयाचे असलेच पाहिजेत. नियम चांगला आहे. मात्र नियमाने मुलगा संघाच्या यादीपर्यंत पोहोचतो. यादीतून मैदानापर्यंतची वाट शिक्षकाच्या मनातून जाते, व तेथे नियमाचे काही चालत नाही.

हीच गोष्ट आम्हां शाळामास्तरांसही लागू आहे. आंतरशालेय सामन्यासाठी संघ निवडताना दहावीतले अकरा धिप्पाड मुलगे उभे करणे सोपे असते. चषक मिळतो, सभेत टाळ्या पडतात, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ते अकराही जण गेलेले असतात. मागे नववीत ज्याने एक पुरा सामना खेळला आहे असा मुलगा उरत नाही. आमच्या मते दर वर्षीच्या संघात आठवी-नववीतील निदान चार मुले असावीत, आणि त्यांनी प्रत्येक सामन्यात काही वेळ खेळलेच पाहिजे, मग एखादा सामना हातचा गेला तरी चालेल. गोलरक्षकाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्या जागेवर एकच जण उभा राहतो व त्यास सहसा कोणी बदलीत नाही. दुसरा गोलरक्षक वर्षानुवर्षे पॅड बांधून नुसता बसून असतो.

पालकांचा दुसरा प्रश्न राहिला. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचे विद्यार्थी श्री. विरेन रस्किन्हा २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळले, भारताचे नायकही झाले, आणि नंतर खेळ सोडून हैदराबादच्या नामांकित संस्थेत व्यवस्थापनशास्त्र शिकले. पुढे होतकरू खेळाडूंस साह्य करणाऱ्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट ह्या संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. अर्थात प्रत्येक मुलगा रस्किन्हा होणार नाही. बहुतेकांचा खेळ शाळेबरोबर किंवा कॉलेजाबरोबर संपेल, आणि त्यात काही अनर्थ नाही. रेल्वे, पोलीस, लष्कर ह्यांत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागा असतात. परंतु त्यांसाठी राज्याचे वा राष्ट्रीय सामन्यांतील प्रमाणपत्र लागते, आणि शिक्षणाची अटही असतेच. म्हणून दहावीच्या वर्षी खेळ अजिबात बंद करू नये, तसेच अभ्यासही बाजूस ठेवू नये. आठवड्यास तीन सायंकाळ, प्रत्येकी दीड तास, एवढा सराव राखला तर मुलाचे पाय मोकळे राहतात व पुस्तकास वेळही उरतो.

ज्यांस पुढील पायरी चढावयाची आहे, त्यांच्यासाठी जवळची वाट जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धेची होय. शालेय संघ प्रथम जिल्ह्यात, मग विभागात, मग राज्यात खेळतात, व राज्यातील विजयी संघ दिल्लीस जातो. मुलांचे १५ व १७ वर्षांखालील असे दोन गट आहेत, मुलींचा १७ वर्षांखालील एक. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील शाळांस ह्यात भाग घेता येतो. नाव देऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जन्माचा मूळ दाखला, शाळेचे ओळखपत्र व पालकांची लेखी संमती घेऊन यावे. काठी नसल्यास शाळेची मिळेल, पायांत बूट मात्र स्वतःचे असावेत.